पहिला घोट मालकाचा

मास्तर,

तुमचं मनगट मी मोडलं तेव्हा फाल्गुनातलं ऊन होतं आणि तुम्ही ओटीवर बसून वाल सोलत होतात. बोळिंजकडे चाळी उभ्या करणाऱ्या शेठकडे मी तेव्हा हाणामारीची कामं करायचो. त्याला तुमची केळीची वाडी हवी होती. "मास्तरला समजव," तो म्हणाला होता, "नाय समजला तर त्याच्या विहिरीला समजव." तुम्ही कागद वाचलात, शेठचं मराठी कच्चं आहे म्हणालात आणि सही न करताच परत दिलात. मी फावड्याचा दांडा उचलला. माझे कान तिखट, हे तुम्हीच वर्गात सांगायचात. ते हाड मला अजून ऐकू येतं. तुम्ही ओरडला नाहीत, म्हणून मला जास्तच चेव आला. पडलेल्या माणसाच्या बरगडीत लाथ घातली, मागे गेलो आणि केळीवर फवारायच्या विषाचा अख्खा डबा विहिरीत ओतला. पाखाडीतली घरन् घरं तेच पाणी पितात, हे मला पक्कं ठाऊक होतं.

डबा रिकामा होतोय तोच मागे बाया उभ्या. पाचजणी, लाल लुगड्यांतल्या, डोक्यावर तांब्याच्या कळशा. पुढे एक म्हातारी. वाडीत वाळक्या पानांचा खच, उंदीर पळाला तरी वाजायचा, आणि माझ्या कानांना या सहाजणींचं एक पाऊल ऐकू आलं नव्हतं. म्हातारी म्हणते, नवऱ्यामुलाच्या आंघोळीला लग्नाचं उंबराचं पाणी न्यायला आलोत. आणि मलाच विहिरीचा मालक समजून हातात नारळ-विडा ठेवते. तुमच्या ख्रिस्ती पाखाडीची रीत मला माहीत होती: पाणी नेण्याआधी पहिला घोट मालकानं सगळ्यांदेखत प्यायचा. तिनं पाणी ओढलं, कळशी माझ्या तोंडाशी धरली. मी मागे सरकलो. ती रागावली नाही. कळशी तिनं शेजारच्या तरण्या बाईच्या ओठांना लावली, आणि मी ती हातानं उडवली.

"पिऊ नका. विष घातलंय मी."

"मग उपस," म्हातारी म्हणाली. "आमी बसतो."

त्या कठड्यावर बसल्या आणि मी तुमच्या पंपाचं इंजिन सुरू केलं. पाणी चरात पडत होतं, त्यात बेडूक पोटं वर करून वाहत होते. मनगट छातीशी धरून तुम्ही आलात, कुणाशी बोलतोयस म्हणून विचारलंत. मी वळून बघतो तर कठडा मोकळा. मी सगळं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "उपवासकाळ चालू आहे रे. ईस्टरपर्यंत आमच्यात लग्नं लागत नाहीत."

दुसऱ्या दिवशी शेठची माणसं आली. इंजिन बंद करत नाही म्हणून त्यांनी माझे पुढचे दोन दात पाडले, डोकं कठड्यावर आपटलं, आणि मेला समजून निघून गेली. मी उठलो, रक्त थुंकलो, डिझेल भरलं. तेव्हापासून हसताना माझी शिट्टी वाजते; गिऱ्हाइकांना वाटतं माणूस मोकळा आहे. तुमच्या मनगटाबद्दल डॉक्टरला तुम्ही सांगितलंत, शेवाळावरून पाय घसरला. पुढे मला पंपदुरुस्तीचं दुकान काढून दिलंत, त्यावरच आज माझं घर उभं आहे. लोक म्हणतात, मास्तरांनी गुंडाचा माणूस केला. मी मान डोलावतो.

तुम्ही जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. हे पत्र टपालात पडायचं नाही, दुकानाच्या खणात राहील. जिवंतपणी सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितोय. तीनदा उपसून विहीर पुन्हा भरली, त्या सकाळी प्लास्टरच्या हातानं तुम्ही तांब्या माझ्यापुढे धरलात. "आज मालक तू," म्हणालात. मी तोंड भरून घेतलं. ते बघून उरलेला तांब्या तुम्ही एका दमात रिकामा केलात. मी गिळलं नव्हतं, मास्तर. केळीमागे जाऊन थुंकलो. संध्याकाळपर्यंत तुमच्या पायाशी बसून राहिलो, आणि तुम्हाला वाटलं, पोराला पश्चात्ताप झालाय. मी बघत होतो, तुम्ही मरता की काय.