मुलाखतीचा पहिला प्रश्न

मॉर्न पॅपेई,
शनिवार, ११ ऑक्टोबर

लाडक्या व्हिटास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं पार्सल पोचलं. चपला अगदी मापाच्या निघाल्या, पण या उन्हात लोकरीची टोपी कोण घालतं गं? मॉन्ट्रियलला जाऊन तुला आपल्याकडचं ऊनही आठवेनासं झालं का? ती मी कोकोच्या किटलीवर घालते, चहा गरम राहतो. छपराचं काम एकदाचं झालं. गुडघे कुरकुरतात, पण त्यांची कुरकुर ऐकायला मला वेळ नसतो.

तुझी नेरिसा बार्बाडोसला कॉलेजात रुळली आहे. अभ्यास झेपतो, जेवण आवडत नाही, म्हणजे सगळं जसं असायला हवं तसं आहे. तिची काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण ते वाक्य हातून उतरत नाही. मागाहून लिहीन.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "ताई, मागे कोण बोलतंय?" मी म्हटलं, रेडिओ. रेडिओ नव्हता. हे पत्र मी घरी बसून लिहीत नाहीये, चर्चच्या हॉलमध्ये बसून लिहिते आहे. आत्ताच शनिवारचा वर्ग सुटला, खुर्च्या अजून तशाच मांडलेल्या आहेत. का ते सांगते, पण मला माझ्या चालीनं सांगू दे, नाहीतर ताईला वेड लागलं म्हणून अर्ध्यातच पत्र चुरगळशील.

माझ्या या वर्गाला तू नेहमी हसलीस. "लग्न नाही, पोर नाही, आणि गावभरच्या पोरांची उठाठेव!" हसू दे. कुठलं कॉलेज, कुठली शिष्यवृत्ती, अर्ज कसा भरायचा, मुलाखतीत कसं बसायचं, हे या गावाला दुसरं कोण सांगणार होतं? आणि पोर जन्मलं की कुंपणाशी महोगनीची रांग लावायची, अठराव्या वर्षी लाकूड विकून कॉलेजला पाठवायचं, हेही मीच लोकांच्या गळी उतरवलं. बँकेतला पैसा कुणाच्या तरी आजारपणात नाहीतर लग्नात जातो. उभं झाड कुणी उसनं मागत नाही.

फक्त एक गोष्ट मी प्रत्येक आईला बजावते, की नाळ फळझाडाखाली पुरायची. महोगनीखाली कधीही नाही. नाळेच्या झाडाला करवत लावायची नसते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. नेरिसाची नाळ मागच्या नीरफणसाखाली आहे, तो खड्डा मी माझ्या हातानं खणला होता. म्हणून जूनमध्ये तू फोनवर "ताई, झाड विकून टाक" म्हणालीस तेव्हा मी दोनदा विचार केला नाही.

तिच्या महोगनीच्या रांगेतलं ते एकच उरलं होतं. मारिया वादळानं आपलं छप्पर नेलं, चर्चचं घंटाघर पाडलं, बाकीच्या महोगनी मुळासकट उपटल्या. ते मात्र उभं राहिलं आणि नंतर असं फोफावलं की बघत राहावं. नेरिसा सगळा अभ्यास त्याच्याच सावलीत करायची. मी व्हरांड्यात तुरीच्या शेंगा सोलत मुलाखतीचे प्रश्न विचारायची, ती खालून या मावशीला उत्तरं द्यायची.

"पहिला प्रश्न. तुमचं नाव?"

"तांती, तुला माझं नाव माहीत नाही?"

"मला माहीत आहे, समितीला नाही. आणि पाठ ताठ ठेव, भाजी विकायला बसली नाहीस."

वर्षभर रोज हे चाललं. पाठ काही तिनं कधी ताठ ठेवली नाही. एवढं करून शिष्यवृत्ती अर्धीच मिळाली, म्हणून झाड विकायचं ठरलं.

जुलैमध्ये रॉयस्टन करवतीचं यंत्र घेऊन आला. त्याला तू ओळखतेस, गावातली निम्मी झाडं त्यानंच पाडली आहेत. अर्ध्यावर पातं अडकलं. ते सोडवून त्यानं पुन्हा लावलं, पुन्हा अडकलं. मग यंत्र बंद करून तो मला म्हणाला, "बाई, आतून कुणीतरी धरतंय." मी म्हटलं, "रम आतून धरतेय. काम कर." शेवटी झाड पडलं. पण पडल्यावर कितीतरी दिवस त्याची पानं कोमेजली नाहीत. तशीच हिरवीगार, फांदीला घट्ट.

दुपारी मा फेलिसिते काठी टेकत आली. तुझं बाळंतपण केलेली तीच सुईण. आता तिला धड दिसत नाही, पण खोडाला हात लावून ती मटकन खालीच बसली.

"कुणाला विचारून पाडलंस, आल्फ्रेडा?"

"माझ्या बहिणीला विचारून. तिच्या मुलीचं झाड आहे."

"कुठल्या मुलीचं?"

व्हिटा, ज्या गोष्टीबद्दल आपण दोघी इतकी वर्षं एक शब्द बोललो नाही, ती आता लिहावी लागते आहे. नेरिसाच्या आधी जी आली, जी रडलीच नाही, तिच्याबद्दल मा फेलिसिते बोलत होती. तू तोंड भिंतीकडे फिरवून घेतलंस. आपल्या आईनं तिला गुंडाळून चर्चच्या आवारात नेलं, बिनानावाची पुरली. मला वाटलं तिचं सगळं तिच्याबरोबरच गेलं. पण नाळ आईनं संध्याकाळी परत आणली होती. मा फेलिसितेला ती म्हणाली, "फळ खायला ही येणार नाही. हिला आपण उंच झाड देऊ."

"मला कुणी सांगितलं नाही!" मी म्हटलं.

"तू विचारलंस कुणाला? गावभरच्या पोरांना अर्ज भरायला शिकवतेस, आपल्याच दारातल्या झाडाखाली काय आहे ते विचारता येत नव्हतं?"

मी तिला कोकोचा चहा दिला आणि घरी पोचवलं. लाकूड गेलं, फी भरली, नेरिसा विमानात बसली. मी म्हटलं, झालं ते झालं.

सप्टेंबरमधल्या एका दुपारी मी व्हरांड्यात शेंगा सोलत होते. घर सुनं सुनं वाटत होतं, आणि सवय कुठे जाते? तोंडातून निघून गेलं, "तुम्हाला नर्स का व्हायचं आहे?"

आणि आत जेवणाच्या टेबलापाशी कुणीतरी उत्तर द्यायला लागलं.

नेरिसाचंच उत्तर, शब्द न् शब्द. मी जिथे दुरुस्ती केली होती तिथे दुरुस्तीसकट. आवाजही तिचाच, फक्त बंद दाराआडून आल्यासारखा. माझ्या मांडीवरची परात खाली पडली. आत गेले तर ती खुर्चीत बसली होती. दिसते का म्हणशील तर हो, दिसते. चेहरा आपल्या नेरिसाचा, केस ओले, पायांना माती, आणि अंगाला ताज्या कापलेल्या लाकडाचा वास. पाठ मात्र ताठ. मी शिकवली होती अगदी तशी.

भीतीनं माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हटलं, "कोपर टेबलावरून काढ." तिनं लगेच काढलं.

तेव्हापासून ती घरात आहे. खात नाही, पण तिच्यासमोर ठेवलेला नीरफणस संध्याकाळपर्यंत काळा पडतो. मी फोन उचलला की मान वर करून ऐकते, म्हणून हे सगळं तुला पत्रानं कळवते आहे. मी घाबरते, व्हिटा, खरंच घाबरते. पण तिला हाकलायला तोंड उघडलं की त्याहून जास्त लाज वाटते. ती माझ्या दारात उभी राहून एवढं शिकली. कुठलाही प्रश्न विचार, तिला सगळं येतं. हाडं, औषधं, बाळंतपण, मोठ्या बहिणीसारखी घडाघडा उत्तरं देते. अडते फक्त पहिल्या प्रश्नावर. "तुमचं नाव?" म्हटलं की तोंड उघडते आणि तसंच ठेवते. त्या वेळी तिच्याकडे बघवत नाही.

एके दिवशी तिनंच मला विचारलं, "तांती, माझा अर्ज कधी?"

या गावातल्या कुठल्याही पोराला मी नाही म्हटलेलं नाही. हिलाही म्हणता आलं नाही. मी कोरा अर्ज आणला, तिच्यासमोर बसून भरला. जन्मतारीख लिहिली, आईचं नाव लिहिलं. वरची ओळ तेवढी रिकामी ठेवली. मला वाटलं, पोरीची हौस भागेल आणि ती जाईल.

माझं चुकलं. त्याच आठवड्यात नेरिसाचा फोन आला. हसत होती.

"तांती, एक गंमत सांगू? माझं ओळखपत्र आलं, त्यावर फोटो आहे पण नावच छापलेलं नाही! खोलीतली मुलगी मला नुसतं ‘ए’ म्हणते, म्हणे नाव लक्षात राहत नाही. आणि काल ग्रंथालयात सही करताना मीच अडले. हात नुसता कागदावर थांबला."

"झोप पुरी घेत नसशील."

"तसंच असेल."

मीही हसले आणि फोन ठेवला. वळले तर ती टेबलापाशी उभी होती. मी काहीही विचारलं नव्हतं. अगदी स्पष्ट आवाजात ती म्हणाली, "माझं नाव नेरिसा."

"ते नाव दिलेलं आहे," मी म्हटलं. वर्गात दोन पोरं एका खुर्चीवरून भांडतात तेव्हा बोलते तशीच बोलले.

"मग माझं कुठलं?"

रविवारी तुझा फोन चालू असताना मागे ती हेच घोकत होती. माझं नाव नेरिसा, माझं नाव नेरिसा. तू ऐकलंस तो रेडिओ म्हणजे हा.

गुरुवारी नेरिसाचा पुन्हा फोन आला. "तांती, मी बोलतेय," म्हणाली. आवाज लांबून, बंद दाराआडून येत होता. मी विचारलं, "मी म्हणजे कोण?" मग रडवेल्या आवाजात, "ओळख ना, तांती." मी नेरिसा, नेरिसा अशा हाका मारत राहिले. पण तिनं स्वतः ते नाव घेतलं नाही. मला वाटतं, तिला ते घेता येईना. आणि इकडे टेबलापाशी बसलेलीचे केस आता वाळले आहेत, पायांची माती गेली आहे.

मी तशीच मा फेलिसितेकडे धावले. म्हटलं, मी ठेवते हिला एखादं नाव, फादरना बोलावते, पाणी शिंपडते. म्हातारीनं मान हलवली. "मावशीनं ठेवलेलं ती घेणार नाही. नाव आईनं ठेवायचं असतं."

व्हिटा, चिडू नकोस. त्या दिवशी तू तोंड फिरवलंस म्हणून मी तुला कधीच दोष दिला नाही. एवढीशी होतीस तू, आणि तुला कुणी विचारलंही नाही, की बाळाला बघायचं आहे का. एकदाही घरी आली नाहीस याचा राग मात्र होता, तो फोनवर निघायचा. आज तोही नाही. आज नुसती भीती आहे, की नेरिसा तिकडे पुसली जाते आहे आणि मी इकडे शेंगा सोलत बसले आहे.

मा फेलिसितेनं दोन डोकी हाताला लागतात असं सांगितल्यापासून तू व्हरांड्यात बसून पोटावर हात ठेवून दोन नावं पुटपुटायचीस. मी दारात उभी राहून ऐकायची. एक नेरिसा होतं. दुसरं तू इतकं हळू घ्यायचीस की मला कधी ऐकू आलं नाही.

ते नाव पाठव. आजच. माझ्या नावानं पत्र पाठवू नकोस, पाकिटावर तेच नाव ठळक अक्षरांत लिही. आत काही लिहावंसं वाटलं तर लिही, नाहीतर कोरा कागद घाल. पोस्टमन हाक मारील तेव्हा मी जागची उठणार नाही. दार तिलाच उघडू देईन.

तुझी, आणि तुझ्या दोन्ही मुलींची,
आल्फ्रेडा