इन-सुकचा दम

जेजू, ३ मार्च

चि. इन-सुकला अनेक उत्तम आशीर्वाद.

संत्र्यांची पेटी पोचली असेल. खा पोटभर, पन्नाशीत बारीक होऊन कुणाला दाखवणार आहेस?

आता कामाचं. टाक्यांत मासे पाळणारा तो टाक्यांवाला घाण पाणी समुद्रात सोडतोय, तळाशी शंख मरून पडलेत. शंख काढायला बुडी मारणाऱ्या आम्ही नऊ जणींनी ते गावच्या वेबसाइटवर नाव न घालता लिहिलं. तेव्हापासून तो दारोदार विचारत फिरतोय, कुणी लिहिलं म्हणून. आमचा माल घेणारा त्याचाच मेव्हणा. नावं कळली की आमच्या चुली बंद. आणि काल रेडिओवर ऐकलं, इंटरनेटवरच्या प्रत्येक ओळीला लिहिणाऱ्याचं नाव चिकटवायचा बेत आहे, आणि तो तुमच्या संस्थेचा आहे. खरं का गं? तुझा हात असेल तर सरळ कळव. मी रागावेन, पण लपवलंस तर जास्त रागावेन.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर यावं.
तुझी थोरली बहीण

देजॉन, ९ मार्च

ती. ताईस, माझ्या ऑन्नीस, इन-सुकचा सा. न. वि. वि.

संस्थेत आमची ई-मेल वाचतात, म्हणून संगणकशास्त्रातली डॉक्टर हाताने पत्र लिहितेय. हस हवं तर.

खरं आहे. हात कसला, मसुद्यातली निम्मी पानं माझीच आहेत. शिवीगाळ करणाऱ्यांना चाप बसेल एवढंच डोक्यात होतं. तुम्ही नऊ जणी डोक्यात नव्हतात, याची लाज वाटते.

निर्णय पुढच्या आठवड्यात बुसानला. इंटरनेटचे नियम ठरवणारे जगभरचे इंजिनियर येतील, पण आमच्यात मतदान नसतं, हातही वर करत नाहीत. आधी बाजूने असलेल्यांनी तोंड मिटून हुंकार द्यायचा, मग विरोधातल्यांनी. कोणता मोठा ते अध्यक्ष कानाने ठरवतात. संस्थेच्या संचालकांनी आम्हा बारा जणांना एकत्र बसून बाजूने जोरात हुंकारायला बजावलंय. मी विरोधात हुंकारणार. मिटल्या तोंडाने कोण बोललं हे कुणाला कळतंय? तेव्हा माझ्या नोकरीची काळजी नको.

रागावलीस तरी माया असू दे.
इन-सुक

बुसान, १७ मार्च

ती. ऑन्नीस सा. न.

कळलं सगळ्यांना! विरोधाची पाळी आली तेव्हा मी डोळे मिटून दम भरला, आईने पाण्यात शिकवला होता तसा, पोटापासून. आणि सोडत राहिले. डोळे उघडले तर बाकीचे कधीच थांबलेले. अख्ख्या सभागृहात माझ्या एकटीचा आवाज, आणि चारशे माना माझ्याकडे.

अध्यक्ष म्हणाले, दोन्ही आवाज सारखेच वाटतात. कुणाला बोलायचं असेल तर माइकपाशी यावं, आधी नाव सांगावं, ते नोंदलं जाईल. संचालकांनी माझी बाही धरली; खाली बसा, घसा बिघडला होता म्हणून सांगू, असं कुजबुजले. मी बाही सोडवून घेतली. नाव, संस्था, सगळं सांगितलं आणि म्हटलं, हा मसुदा मी लिहिलाय आणि तो चुकीचा आहे. ज्यांचं पोट दुसऱ्याच्या हातात आहे त्यांनी तोंड उघडायचं कसं, एवढंच विचारलं. तुमचं गाव सांगितलं नाही.

पुन्हा हुंकार झाला. मसुदा पडला. संस्था म्हणते, माफी लिहून द्या, नाहीतर कामावर येऊ नका. मी येणार नाही असं कळवून टाकलंय.

आता तरी कृपादृष्टी असावी.
बेकार इन-सुक

जेजू, २४ मार्च

चि. इन-सुकला सगळ्या बायांचे आशीर्वाद.

तुझं पत्र शेकोटीपाशी मोठ्याने वाचलं. तू हुंकारतच राहिलीस हे ऐकून बाया पोट धरून हसल्या. मग आमच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने कागद आणायला सांगितला. रीतसर तक्रार लिहिली आणि खाली प्रत्येकीने आपलं नाव घातलं. लिहिता येत नाही तिने अंगठा उठवला. एक प्रत टाक्यांवाल्याला मीच नेऊन दिली. आता भीती नाही वाटत का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, वाटते की, पण तू हुडकून काढायची वाट कशाला बघू, नाव माझं आहे, मीच सांगते.

मेव्हण्याने काल माल घेतला नाही. शंख उकडून आम्हीच खाल्ले, फार गोड होते.

सोमवारी तक्रार द्यायला कचेरीत जाणार आहोत. त्याआधी ये. तुझा बुडीचा पोशाख माळ्यावर आहे; कमरेत बसणार नाही, तो उसवून देईन. कागदावर दहाव्या नावाची जागा सोडली आहे.

तुझी थोरली बहीण,
बू चुन-जा