घंटेचा दोर

ता. ४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. (सवयीने लिहिला, मनापासून आहे असं समजू नकोस.)

तुझ्या गावाच्या इतिहासाचा खर्डा मिळाला. मास्तरकी सुटली तरी अक्षर अजून दाणेदार आहे. पहिली अकरा घरं डोंगर चढून आली, चर्चची घंटा खांद्यावरून वर आणायला तीन दिवस लागले, हे वाचताना तुझ्यावरचा राग विसरले होते. मग एकेचाळिसावं पान आलं. दरड कोसळली त्या पहाटे घंटावाला झोपून राहिला, म्हणून खालच्या आळीतली सात माणसं गेली, असं तू लिहिलंयस. आपल्या बापाबद्दल.

बाबा झोपले नव्हते. घंटेला दोरच नव्हता. आदल्या दिवशी गवताचे भारे उतरवायला तू तो सोडून नेलास, सकाळी बांधतो म्हणालास. बाबा हातोडा घेऊन शिडीने वर चढेपर्यंत आळी गाडली गेली होती. शताब्दीच्या रविवारी तू हे सगळ्यांपुढे वाचणार आहेस. त्याआधी पान बदल.

उरलासुरला लोभ त्यावरच अवलंबून आहे.
तुझी धाकटी

ता. १३ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. आ. नको असले तर परत पाठव.

बाबांनी स्वतः पाळकांना सांगितलं होतं की झोप लागली. चर्चच्या वहीत तसं लिहिलेलं आहे. मी वहीतलं लिहितो, तुझ्या मनातलं नाही.

शहरात शिवणयंत्रापाशी बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे. लग्न होऊन गेलीस ती थेट बाबांच्या मातीला उगवलीस. शेवटची दोन वर्षं त्यांचं अंथरूण मी धुतलं. तेव्हा तुला बाप आठवला नाही. दोर मी नेला म्हणतेस, तर पुरावा दाखव. नसेल तर तोंड आवर.

यापुढे पत्र नाही आलं तरी चालेल.
तुझा दादा

ता. २० ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. या वेळी तेवढाही नाही.

पुरावा सोबत आहे. बाबांचे हात सोलू नयेत म्हणून दोराच्या टोकाला मी लाल कापडाची मूठ शिवली होती. त्या सकाळी दोर तुझ्या भाऱ्याभोवती सापडला. मूठ कापून घेतली आणि बाबांना दाखवली. ते म्हणाले, पोराला अजून आयुष्य काढायचंय, माझं होत आलं. तू बोललीस तर मी मेलो समज. होत आलं म्हणणारा माणूस पुढे सत्तावीस वर्षं मागच्या बाकावर एकटा बसला. शेजारी कोणी टेकत नसे. तू मास्तर, तुझा बाक पहिला.

तू त्यांची सेवा केलीस, हे मी नाकारत नाही. ती माया होती की भीती, तुझं तुला ठाऊक. मी पाळकांना लिहिणार नाही, बाबांना शब्द दिलाय. रविवारी वाचताना ही मूठ हातात धर आणि मग काय वाचायचं ते वाच.

लोभाचं तू ठरव.
धाकटी

ता. २ सप्टेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद द्यायचा हक्क राहिलाय का, माहीत नाही.

एकेचाळिसाव्या पानाशी अडलो. कागद खाली ठेवले आणि दोर मी नेला होता असं सांगितलं. खालच्या आळीतली सुईण, जिची दोन भावंडं गेली होती, ती उठून बाहेर गेली. तिच्यामागोमाग निम्मं चर्च रिकामं झालं. पाळक म्हणाले, पुस्तकाचं नंतर बघू.

तुझं मन निवलं असेल. मी तुला क्षमा केलेली नाही. बाबांनी जे झाकलं ते तू उघडं पाडलंस, आणि या वयात मला गावात तोंड लपवून फिरायला लावलंस.

आता मी मागच्या बाकावर बसतो. शेजारी कोणी येत नाही. त्या जागेवरून घंटेचा दोर बरोबर समोर दिसतो, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. बाबा रोज तो बघत होते.

यायचं असेल तर ये, रागातच ये. बाकावर जागा आहे.
दादा