वरचा दगड

चिरंजीव ओरोन्झो यास,

मी राहते ते घर विकत घ्यायला तू पाठवलेला मिलानचा माणूस आज येऊन गेला. गळ्यात बाजारातली मातीची शिट्टी, आणि दिसेल त्याला "अप्रतिम". आपलं टोपीसारखं दगडी छप्पर अप्रतिम, मी हाताने वळलेला पास्ताही अप्रतिम. पुन्हा मागून घेतला.

मग म्हणाला, "ताई, छपराला सिमेंट कुठलं लावलंय?"

म्हटलं, "सिमेंट कशाला? दगडावर दगड नुसते ठेवलेत. राजाचा माणूस कर मागायला आला की आपले पूर्वज वरचा दगड काढायचे, की छप्पर खाली. घरच नाही, तर कर कसला?"

वरचा दगड दाखवायला मी झाडूचा दांडा वर नेला. जरा लागला असेल. चुन्याचा पोपडा त्याच्या वाइनमध्ये पडला. उरलेलं जेवण त्याने अंगणात उभ्यानेच उरकलं आणि गाडी गाठली.

हे छप्पर भूकंपातही हललं नव्हतं, ते सांगायचं राहून गेलं.

तो घर न घेता का पळाला, ते विचारायला तू फोन करशील. तुला सांगणार होते, त्याला माझा स्वयंपाक आवडला नाही. पण ते तू जन्मात खरं मानणार नाहीस. म्हणून हे पत्र चुलीत घालते आणि फोन उशीखाली ठेवते.

अजून याच छपराखाली असलेली,
तुझी थोरली बहीण विता