सूपमध्ये पडलेलं ‘अहो’

३ जून, रविवार

आज कपाट आवरताना एकदम आठवलं. तीस वर्षं झाली असतील. दुपार, लेक शाळेत, ह्यांना सर्दी म्हणून घरीच. पाकिटातलं सूप मी एकाच मगमध्ये केलं, कारण दुसरा मग घासायचा कंटाळा! आळीपाळीने प्यायलो. बस, एवढंच. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, आणि आठवतं काय तर तो मग.

पण आज का आठवावं? खालच्या शेफसाहेबांमुळे! बत्तीस वर्षं जहाजावर स्वयंपाक केलेला माणूस, आता खालच्या मजल्यावर एकटा. गेल्या आठवड्यात जिन्यात थांबून म्हणाले, “बाई, तुम्ही वर एकट्या, मी खाली एकटा. दोन गॅस, दोन कुलपं. लग्न करू या का?” माझ्या हातात पिशवी, पिशवीत दूध. मी म्हटलं, “दूध नासेल,” आणि वर पळाले. ह्या वयात पळाले!

माझं उत्तर तयार आहे. पण आधी लेकीला सांगायला हवं. ती नाही म्हणाली तर मी होय म्हणू शकणार नाही — मला मी माहीत आहे.

५ जून, मंगळवार

ठरलं! रविवारी लेक येते आहे. शेफसाहेब वर येऊन सूप करवून घेणार, माझ्या हातून. पूर्वेकडच्या कुठल्याशा बंदरात घरमालकिणीने शिकवलेलं — कोंबडी, नारळाचं दूध, तांदळाच्या शेवया. “पोट भरलं की माणूस ऐकून घेतो,” म्हणतात.

आज रंगीत तालीम. कांदा, लसूण, ओल्या लाल मिरच्या, हळद, धणे — सगळं खलबत्त्यात कुटलं, तेल सुटेपर्यंत परतलं. डोळ्यांना धारा! मग त्यांनी गवती चहाच्या चार काड्या ठेचून रस्स्यात टाकल्या. वास आला मात्र, माझा हात आपोआप डब्याकडे गेला आणि दोन चमचे साखर पातेल्यात! हाताला वाटलं, चहाच.

“बाई,” ते म्हणाले, “आत कोंबडी आहे, चहाला आलेले पाहुणे नाहीत.”

हसून हसून पोट दुखलं. गोड सूप दोघांनी निमूट संपवलं.

८ जून, शुक्रवार

सूपात पडणाऱ्या त्या पांढुरक्या, उग्र वासाच्या मुळीला शेफसाहेब ‘आल्याची मावशी’ म्हणतात. भाजीवालीला तसंच विचारलं. म्हणाली, “मावशी मीच, बोला!”

१० जून, रविवार

सांगायची वाक्यं पाठ केली होती. कॉन्व्हेंटमध्ये कविता पाठ करायचो तशी, आरशासमोर.

लेक अकराला आली. दवाखान्यातून थेट, दातांच्या डॉक्टरला रविवारही नसतो. शेफसाहेब ओट्याशी, मी अंडी सोलत. नारळाचं दूध नुकतंच घातलेलं. आच मोठी होती, कडेने बुडबुडे यायला लागले. आता फाटणार! आणि माझ्या तोंडून गेलं —

“अहो, गॅस बारीक करा ना!”

लेकीची मान गर्रकन वळली.

‘अहो’ मी दूधवाल्यालाही म्हणते. पण मागचा तो ‘ना’! तो मी जन्मात एकाच माणसाला लावला होता, आणि लेक तो ऐकत मोठी झाली.

शेफसाहेबांनी गॅस बारीक केला. “लिंबं खाली राहिली,” म्हणाले आणि गेले. लिंबं समोर होती.

“हा म्हातारा कोण तुझा?”

“अजून कुणी नाही. लग्नाचं विचारलंय. तू हो म्हणालीस तर —”

“आणि बाबा?”

पाठ केलेलं सगळं उडालं. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणायच्या, उत्तर येत नसेल तर निदान सरळ उभी राहा. मी सरळ उभी राहिले.

ते आल्यावर तिघं जेवलो. शेवयांवर गरम रस्सा, अर्धं अंडं, तळलेला कांदा. लेकीने वाडगा रिकामा केला, धुतला, पालथा घातला, गेली.

११ जून, सोमवार

फोन नाही. उरलेलं सूप एकटीने प्यायले. चांगलं झालं होतं, ह्याचाच राग आला.

१३ जून, बुधवार

सकाळी फोन!

“आई, रविवारी मीठ कमी होतं.”

“बरं.”

“बरं काय? त्यांना सांग.”

मी खुर्ची ओढून बसले. रविवारी ‘हा म्हातारा’, आज ‘त्यांना’!

“आणि त्यांचा खालचा डावा दात हलतोय. एकाच बाजूने चावत होते. शनिवारी दोघं या.”

“दोघं?”

“आई, मला पेशंट आहेत. ठेवते.”

खाली गेले. दार उघडंच होतं. म्हटलं, “मीठ कमी पडलं होतं. आणि हो.”

“हो काय?”

“हो म्हणजे हो!” — बत्तीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, डोळे पुसायला त्यांना फडकं सापडेना.

१४ जून, गुरुवार

शिवणयंत्र धाकट्या जाऊबाईंना. पट्टा नवा आहे. लोखंडी कपाट लेकीला. शाळेत बक्षीस मिळालेली इंग्रजी पुस्तकं नातीला. शाई सांडलेलं पान फाडू नये. कुंड्या शेजारच्या शिंपीणबाईंना, पाणी त्याच घालत आल्या आहेत. चार साड्या, गजराचं घड्याळ आणि ही वही कुणालाही नाही. ते सगळं मीच नेणार.

लांब नाही. चौदा पायऱ्या खाली.