साबुदाण्याच्या डब्यातल्या गोळ्या

आई,

तू भजनाहून येईपर्यंत मी ठाण्याला, नौपाड्याच्या डॉक्टरांकडे पोचलेला असेन. फोन घरीच ठेवलाय.

दर रविवारी तू माझी गोळ्यांची डबी भरतेस, ती आज मी नीट पाहिली. त्यात तुझ्या कॅल्शियमच्या गोळ्या आहेत. माझ्या सगळ्या स्ट्रिप साबुदाण्याच्या डब्यात सापडल्या.

कशासाठी केलंस तेही कळलं. कल्याणची माणसं मला बघायला येणार होती, त्यांच्यासमोर चहाचा कप धरताना गोळ्यांमुळे माझा हात थरथरायला नको होता. नाही थरथरला. मुलीच्या मामांना मी पसंत पडलो. आता कालपासून भिंतीतून कोणीतरी माझं नाव घेऊन हसतंय, तेही मामांना कळव.

"बरा झालास की रे, आता कशाला त्या गोळ्या?" असं तू सारखं म्हणायचीस. अगं, गोळ्या घेत होतो म्हणूनच बरा होतो. बीपी नॉर्मल आलं म्हणून तू तुझी गोळी सोडलीस का कधी?

पोहे तसेच झाकून ठेवलेत. तुझ्या हातचं खायची हिंमत झाली नाही.

चिठ्ठी वाचलीस की लगेच निघ आणि डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सगळं सांग. घरचे माझ्या औषधात गडबड करतात, असं मी पहिल्या आजारपणातही त्यांना ओरडून सांगत होतो. तेव्हा तो माझा आजार होता. आज ते खरं आहे, आणि माझ्या तोंडून ते आजारासारखंच ऐकू येणार.

प्रीतम