संग्रहालयातली चरखी

मुंबई, गुरुवार, १२ मे १९८८

सकाळी निघतानाच आईला म्हणालो, "इथे आपली गावाकडची भाषा नको बोलूस. लोक हसतात." जळगावला कचेरीत लागल्यापासून मला ही लाज जडली आहे. ती नुसतं "बरं" म्हणाली. ते "बरं" आता लिहितानाही टोचतंय.

दुपारी आईला आणि मुलांना घेऊन संग्रहालयात गेलो. तिथे माहिती सांगणारी मुलगी एका लाकडी यंत्राला सूतकताईचा चरखा म्हणाली. आईला राहवलं नाही. "नही पोरी, हाई कापूसमाईन सरकी काढानी चरखी शे. धरणगावले मी ती फिरायेल शे!"

माझे कान तापले. पण हसलं कोणीच नाही. मुलीनं वही काढून आईला पुढे बोलावलं. आई हवेतच हात फिरवून दाखवू लागली, इकडून कापूस घालायचा, रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडेच पडते. लोक गोळा झाले, आमची दोन्ही मुलं टाळ्या वाजवायला लागली. काय ते हात! आणि हिला मी गप्प बसवणार होतो?

"आजी कुणाबरोबर आल्यात?" माहिती सांगणाऱ्या मुलीनं विचारलं.

मी गर्दीतून पुढे झालो आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणालो, "मन्हासंगे. मन्ही माय शे ती."